एशियन मुलं फक्त तीन, मग या शाळेत घालू की नको?

आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून आणि ओळख पटेल ते सगळं काढून:

"ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा दोन वर्षं सात महिन्यांचा. दहा-बारा शब्द बोलतो, हाक मारली तर कधी बघतो कधी नाही. अर्ली इंटरव्हेन्शनची (तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची सरकारी मदत) स्पीच थेरपिस्ट घरी येते, ती म्हणाली तिसऱ्या वाढदिवसाला आमचं काम संपतं, पुढे स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे इथल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्यांचं, प्रीस्कूल. ते प्रीस्कूल स्पेशल एज्युकेशनचंच आहे. ऑनलाइन बघितलं तर एकूण साठ मुलं, त्यात एशियन पाच टक्के, म्हणजे तीन! निम्म्याहून जास्त हिस्पॅनिक. डायव्हर्सिटी स्कोअर कमी, रेटिंगच नाही, एका टीचरमागे बारा मुलं, आणि मुलगेच मुलगे. नवरा म्हणतो एकदा शिक्का बसला की बसला, त्यापेक्षा प्रायव्हेट डेकेअरला घालू. सासूबाई म्हणतात याचा बाबापण चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आमच्यासारखी मुलं नसलेल्या शाळेत हा एकटा पडेल का? माझं डोकं चालेनासं झालंय. – झोप उडालेली आई"

अगं, तुला सरळ अगं-तुगंच करते. मी काही वर्षं इथल्याच एका पब्लिक प्रीस्कूलमध्ये स्पेशल एज्युकेशनच्या वर्गात एड, म्हणजे टीचरची मदतनीस, म्हणून काम केलंय, त्यामुळे तू ज्या पानाकडे बघून रात्र रात्र जागतेयस ना, त्या पानामागे काय असतं ते थोडंफार माहीत आहे, आणि माझं स्पष्ट मत सांगते, की ते पान तुझ्या मुलाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. तरी तू आकडे काढलेच आहेस तर आधी त्यांचाच निकाल लावू, नाहीतर ते तुझ्या डोक्यातून जायचे नाहीत.

साठ मुलं. हा आकडा बहुतेक एखाद्या ऑक्टोबरच्या आसपासचा आहे, तोही एक-दोन वर्षं जुना, कारण शाळा मोजणी देणार, राज्य ती पुढे पाठवणार, मग केंद्र सरकार ती छापणार आणि मग ह्या वेबसाइटवाल्यांना मिळणार. किंडरगार्टनला हे चालतं, कारण सगळी मुलं सप्टेंबरला एकदमच येतात. पण ह्या प्रीस्कूलमध्ये मुलं कशी येतात? ज्याचा तिसरा वाढदिवस ज्या दिवशी, तो साधारण त्या सुमाराला. नोव्हेंबरात एक, जानेवारीत दोन, मार्चमध्ये आणखी दोन-तीन, मे महिन्यात पण एखादा रडत रडत बॅग घेऊन दारात उभा. आमच्याकडे सप्टेंबरला वर्ग निम्मा रिकामा वाटायचा आणि वसंतात कबर्ड्सवर नावाच्या पट्ट्या लावायला जागा पुरायची नाही. त्यामुळे ऑक्टोबरचे साठ एप्रिलला किती झालेले असतील ते त्या पानावर दिसणारच नाही. तुझा मुलगा वर्षाच्या मधेच जाणार असेल तर ऑफिसला फोन करून हेच विचार, की ज्या महिन्यात तो येईल तेव्हा त्या वर्गात किती मुलं असतील. एकूण शाळेत किती हे तुला काय करायचंय?

एका टीचरमागे बारा. हे वाचून मी पण घाबरले असते पण यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे ह्या हिशोबात फक्त सर्टिफाइड टीचर धरतात, आमच्यासारख्या एड, स्पीच थेरपिस्ट, ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), कोणीच नाही, आणि ह्या वर्गात एकटी टीचर तुला क्वचितच दिसेल, दोन-तीन मोठी माणसं असतातच. दुसरं म्हणजे बऱ्याच ठिकाणी अर्ध्या दिवसाचा वर्ग असतो, एकच टीचर सकाळी सहा मुलं घेते आणि दुपारी वेगळी सहा. कागदावर बारा, समोर सहा. तुझ्या डिस्ट्रिक्टमध्ये असंच आहे असं मी म्हणत नाही, पण विचारायचा प्रश्न हा आहे. मुलं किती आणि त्याच वेळी वर्गात मोठी माणसं किती.

रेटिंग नाही, कारण राज्याच्या परीक्षा तिसरीपासून सुरू होतात आणि रेटिंगवाले त्याच्यावरच जगतात. तीन वर्षांच्या मुलाला कसले मार्क्स देणार, सोडून दे. मुलगे जास्त हे मात्र खरंच आहे, आणि ते फक्त तुमच्या शाळेत नाही, अख्ख्या देशात तीन ते पाच वयाच्या स्पेशल एज्युकेशनच्या मुलांमध्ये दहातले साधारण सात मुलगे असतात. त्यात शाळेचा दोष काही नाही.

आता तुझ्या तीन एशियन मुलांकडे येऊ, कारण झोप त्यांनीच उडवलीय.

तो रकाना भरतो कसा माहितीये? ॲडमिशनच्या वेळी फॉर्मवर दोन प्रश्न असतात. आधी, मूल हिस्पॅनिक आहे का, हो की नाही. मग रेसचे पाच चौकोन. हिस्पॅनिकला हो म्हटलं की पुढे काहीही टिक केलं तरी मोजताना हिस्पॅनिक. हिस्पॅनिक नाही पण दोन चौकोन टिक केले की 'टू ऑर मोर रेसेस'. म्हणजे आई साताऱ्याची आणि बाबा आयरिश असं पोर तुझ्या तीनात नाहीच. आणि एशियनमध्ये आपण, पाकिस्तानी, चिनी, कोरियन, फिलिपिनो, व्हिएतनामी, सगळे एकाच डब्यात. ते तिघं कोण आहेत तुला काय माहीत? आणि तू रकाना रिकामा सोडलास तर शेवटी शाळेतलंच कोणीतरी मुलाकडे बघून अंदाजाने भरतं, तसा नियमच आहे. घरी कुठली भाषा बोलतात, हे तर त्या रकान्यात कुठेच नाही. डायव्हर्सिटी स्कोअरसुद्धा ह्याच डब्यांवरून काढतात, शाळेतली कुठलीही दोन मुलं उचलली तर ती वेगवेगळ्या डब्यातली असण्याची शक्यता किती, एवढाच त्याचा अर्थ. घरी स्पॅनिश बोलणारं ग्वातेमालाचं मूल आणि घरी फक्त इंग्लिश बोलणारं, ज्याचे आजोबा पोर्तो रिकोहून आले असं मूल, ह्या हिशोबात दोघं अगदी सारखी.

एशियन मुलं कमी का दिसतात याचं एक कारण मात्र खरं आहे आणि ते आपल्याला बोचेल असं आहे. देशभर बघितलं तर आपल्या लोकसंख्येच्या मानाने आपली मुलं स्पेशल एज्युकेशनमध्ये कमी असतात. आता आपली मुलं जात्याच हुशार म्हणून, असं कोणाला वाटून घ्यायचं असेल तर घ्यावं बापडं. मला तरी त्यातला बराचसा भाग तुझ्या सासूबाईंच्या वाक्यात दिसतो. "बोलेल गं, मुलगे उशिराच बोलतात." त्यांच्यावर राग नाही माझा, त्यांचा मुलगा बोलला, मोठा झाला, नोकरीला लागला, त्यांच्यासाठी विषय संपला. पण हाक मारल्यावर न बघणं हे उशिरा बोलण्यापेक्षा वेगळं असू शकतं, त्याच्या बाबाच्या वेळी ते कोणी तपासलं नव्हतं, आणि आता तपासायला पैसे पडत नाहीत. (कानाची तपासणी झालीय ना? नसेल तर ती आधी. पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारतेय.) अशी घरं मी बघितलीत, मूल साडेचार वर्षांचं झाल्यावर आले, कारण इतके दिवस वाट बघणं चालू होतं. तेव्हा तीन का, याचं उत्तर शाळेच्या दारात शोधू नकोस, थोडं आपल्या दिवाणखान्यात पण शोध.

आणि एक बोलू का, रागावू नकोस. तुझ्या पत्रात 'आमच्यासारखी मुलं' हा शब्द तू दोन अर्थांनी वापरलायस असं मला वाटतं. एक अर्थ भारतीय. दुसरा अर्थ तू लिहिलेला नाहीस पण ओळींच्या मधे आहे, की तिथे सगळी 'तशी' मुलं असतील आणि माझा मुलगा त्यांच्यात बसून आणखी तसाच होईल. ही भीती जवळजवळ प्रत्येक आईला असते, गोऱ्या आईला पण, स्पॅनिश बोलणाऱ्या आईला पण. आणि खरं सांगायचं तर दोन्हींतली ही दुसरी जास्त विचार करण्यासारखी आहे, कारण तिच्यामागे कायदा पण आहे.

हा कायदा 1975 सालचा, डिसेबिलिटी असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा, ज्याला आता आयडिया (IDEA) म्हणतात, आणि 1986 च्या दुरुस्तीनंतर तीन ते पाच वर्षांची मुलं पण त्यात पूर्णपणे आली. त्यात साफ म्हटलंय की जमेल तितकं मूल इतर, म्हणजे डिसेबिलिटी नसलेल्या मुलांबरोबरच शिकलं पाहिजे, वेगळ्या वर्गात टाकायचं असेल तर का ते सांगावं लागेल. आयईपीमध्ये, म्हणजे त्या एका मुलासाठी लिहिलेल्या शिक्षणाच्या आराखड्यात, त्यासाठी वेगळा भागच असतो, मूल इतर मुलांबरोबर किती वेळ नसेल आणि का नसेल. मीटिंगमध्ये सगळे गोड हसत असतात, कागद भराभरा पलटले जातात, आणि तो भाग बऱ्याचदा एका ठराविक छापील वाक्याने भरलेला असतो. तिथे थांबायचं. म्हणायचं, हे वाक्य माझ्या मुलाबद्दल नाही, सगळ्यांबद्दल आहे, त्याच्याबद्दल काय ते सांगा.

म्हणून थेरपिस्ट "पुढे डिस्ट्रिक्टचं प्रीस्कूल" म्हणाली म्हणजे तेच एक आहे असं धरून चालू नकोस. मूल पात्र ठरलं की कुठल्या वर्गात ठेवायचं हे आयईपी टीम ठरवते आणि त्या टीममध्ये तू आहेस, पाहुणी म्हणून नाही, मेंबर म्हणून. न्यू जर्सीत बऱ्याच डिस्ट्रिक्ट्समध्ये राज्याच्या पैशांतून तीन आणि चार वर्षांच्या सगळ्याच मुलांना फुकट प्रीस्कूल आहे, तिथे मिश्र वर्ग करणं सोपं जातं. काही ठिकाणी त्याच स्पेशल एज्युकेशनच्या बिल्डिंगमध्ये गावातली इतर मुलं फी भरून किंवा लॉटरीने घेतात. विचार, की इंटिग्रेटेड, म्हणजे असा मिश्र, वर्ग आहे का, त्यात जागा कधी निघते, नसेल तर पर्याय काय. 2015 मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि आरोग्य खात्यांनी मिळून लहान मुलांच्या इन्क्लूजनवर, म्हणजे सगळ्यांना एकत्र शिकवण्यावर, धोरण जाहीर केलं, 2023 मध्ये ते परत अपडेट केलं, तेव्हा हे काही तू एकटी जगावेगळं मागत नाहीयेस.

पण उलट बाजू पण सांगते, नाहीतर तुला वाटेल वेगळा वर्ग म्हणजे वाईटच. आमच्या वर्गातला स्नॅक टाइम डोळ्यासमोर आण. सहा मुलं, बुटकं टेबल, मधे क्रॅकर्सचा डबा पण झाकण घट्ट लावलेलं, मुद्दामच. प्रत्येकासमोर चित्रांची पट्टी. एकाने क्रॅकरचं चित्र उचलून माझ्या हातात ठेवायचं, मग एक क्रॅकर मिळायचा. एकच. परत हवा तर परत चित्र. पहिले काही आठवडे नुसती आरडाओरड, डबा ओढायचा, टेबलाखाली लोळायचं, आणि मग एक दिवस एक पोरगं पट्टी सोडून माझी बाही ओढतं, डोळ्यात बघतं आणि "मो" म्हणतं. वीस मुलांच्या डेकेअरमध्ये त्या बाईला इच्छा असली तरी हे करायला वेळ नसतो गं, तिथे क्रॅकर्स सगळ्यांच्या पुढ्यात आधीच ठेवलेले असतात, मागायची गरजच पडत नाही. सुरुवातीला लहान वर्ग आणि मग पुढच्या वर्षी मिश्र, असंही करता येतं, आयईपी दर वर्षी बघावाच लागतो आणि मधेच मीटिंग मागायचा हक्क तुला आहेच.

आता शिक्का. तुझ्या नवऱ्याला हे वाचून दाखव. न्यू जर्सीत ह्या वयात मुलाला बहुतेक 'प्रीस्कूल चाइल्ड विथ अ डिसेबिलिटी' एवढ्याच नावाखाली घेतात, आणि त्यासाठी विकासाच्या एका भागात 33 टक्के मागे असणं किंवा दोन भागांत 25-25 टक्के मागे असणं असा मोजमापाचा नियम आहे. किंडरगार्टनच्या आधी परत इव्हॅल्युएशन होतं, तेव्हा काही मुलं बाहेर पडतात, काही नुसत्या स्पीचवर राहतात, काहींना पुढे मदत लागते. तुमची सही झाल्याशिवाय पहिल्यांदा सर्व्हिस सुरूच करता येत नाही, आणि सुरू झाल्यावर पटलं नाही तर लेखी देऊन सगळी थांबवता येते. कॉलेजच्या ॲडमिशनला कोणी प्रीस्कूलचा आयईपी मागत नाही. घराबाहेरचा शिक्का म्हणशील तर तो आपले लोकच मारतात, मंडळाच्या गणपतीत "अजून बोलत नाही का?" विचारणारे. त्यांना सांगायचं की नाही हे तुमच्या हातात आहे, शाळा कोणाला सांगत नाही.

पैशांचं पण बोल त्याच्याशी. अर्ली इंटरव्हेन्शनला तुम्ही उत्पन्नाप्रमाणे फॅमिली कॉस्ट शेअर भरत असाल. शाळेच्या सर्व्हिसला शून्य. स्पीच, ओटी, आयईपीमध्ये लिहिलं असेल तर घराच्या दारातून नेणारी छोटी बस सुद्धा, कार सीटसकट. आणि तुम्ही व्हिसावर असाल आणि मनात तो किडा असेल तर, इमिग्रेशन स्टेटसवरून मुलाला पब्लिक शाळेत नाकारता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा 1982 चा निकाल आहे. पत्त्याचा पुरावा, जन्मतारीख, लसींचा कागद, बास. प्रायव्हेट डेकेअरला घातलंत तर मात्र ह्यातलं किती तिथे मिळेल याची खात्री नाही. डेकेअर ठेवून नुसत्या स्पीचसाठी डिस्ट्रिक्टमध्ये नेता येतं का हा मधला रस्ता विचारून बघा, नवऱ्याला तो पटेल असं वाटतं.

भाषेचं मात्र तू पत्रात काहीच लिहिलं नाहीस आणि मला सगळ्यात जास्त तेच लिहावंसं वाटतंय. घरी मराठी बोलता ना? मग इव्हॅल्युएशनच्या आधीच लेखी कळव. कायद्याने मुलाची तपासणी त्याच्या भाषेत व्हायला हवी, अगदीच अशक्य असेल तेव्हाच सूट, आणि नुसतं इंग्लिश येत नाही म्हणून मूल पात्र ठरवता येत नाही. मराठी इंटरप्रिटर मिळायला वेळ लागतो, हिंदीचा पाठवून देतात आणि काम झालं म्हणतात, म्हणून आधी सांगायचं. शब्द मोजताना दोन्ही भाषांचे मिळून मोजायला सांग, "पाणी", "दे", "बबल", "नको", सगळे. आणि कोणी जर म्हणालं की घरी फक्त इंग्लिश बोला म्हणजे लवकर बोलेल, तर मान हलव आणि घरी येऊन मराठीच बोल. दोन भाषांमुळे मूल बोलायचं थांबतं याला काही आधार नाही, आणि आजीशी बोलायची भाषाच काढून घेतली तर त्याच्याशी बोलणारं एक माणूस कमी.

शाळा सुरू होताना वर्गासाठी एक कागद करून दे, वीसेक शब्द, उच्चार इंग्लिशमध्ये आणि पुढे अर्थ. आमच्याकडे एक गुजराती पोरगं होतं, बाथरूमच्या दारापाशी जाऊन "शू, शू" करायचं आणि माझ्याबरोबरची एड बिचारी दर वेळी खाली वाकून त्याचे बूट बघायची. मी वर्गात होते म्हणून निभावलं. त्या शाळेत एशियन रकान्यात त्याच्याशिवाय बरीच मुलं होती, पण सगळी घरी इंग्लिश किंवा चिनी बोलणारी, त्यांचा त्याला उपयोग शून्य. उलट तुमच्या त्या निम्म्याहून जास्त हिस्पॅनिक शाळेत घरची भाषा वेगळी असणं हे रोजचंच असणार, इंटरप्रिटर बोलावायची, घरी दोन भाषांत चिठ्ठी पाठवायची सवय बहुतेक असेल. ज्या शाळेत स्कोअर चांगला पण सगळे घरी इंग्लिशच बोलतात तिथे तुला हे पहिल्यापासून समजावत बसावं लागलं असतं.

आता वेळेचं, आणि हे मनावर घे. तो दोन वर्षं सात महिन्यांचा आहे, म्हणजे हातात पाचच महिने. न्यू जर्सीत डिस्ट्रिक्टला लेखी रिक्वेस्ट तिसऱ्या वाढदिवसाच्या 120 दिवस आधी तरी जायला हवी, म्हणजे जेमतेम महिना उरलाय. ती मिळाली की 20 दिवसांत त्यांनी मीटिंग घ्यायची, तुम्ही इव्हॅल्युएशनला सही केल्यापासून 90 दिवसांत सगळं पार पाडायचं. अर्ली इंटरव्हेन्शनच्या कोऑर्डिनेटरने ट्रान्झिशन मीटिंग ठरवायची असते, पण ती करेल म्हणून बसू नकोस. वाढदिवस उन्हाळ्याच्या सुट्टीत येत असेल तर सर्व्हिस कोणत्या तारखेपासून, हे आयईपीमध्ये लिहून घे.

ईमेल चाइल्ड स्टडी टीमच्या (डिस्ट्रिक्टमध्ये इव्हॅल्युएशन करणारी टीम) नावाने, चार ओळींचं पुरे. मुलाचं नाव, जन्मतारीख, अर्ली इंटरव्हेन्शन चालू आहे, प्रीस्कूल स्पेशल एज्युकेशनसाठी इव्हॅल्युएशन हवंय, घरची भाषा मराठी, इंटरप्रिटर लागेल. शेवटी एक ओळ, की निर्णयाच्या आधी आम्हाला वर्ग बघायचाय. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल पाठवच, दिवस त्या तारखेपासून मोजतात. वर्ग बघायला दोघं जा, नवऱ्याला नक्की ने, आणि शक्यतो स्नॅकच्या वेळेला जा, सर्कल टाइमला सगळेच वर्ग छान दिसतात. बघून आलीस की तुमचं काय ठरलं ते कळव, आणि आयईपीचा ड्राफ्ट हातात आला आणि काही कळलं नाही तर नावं खोडून पाठव, पुढच्या वेळी त्याच्यावरच लिहिते.